श्वसनमार्ग शिकताना या चुका टाळा

श्वसनमार्गाचा प्रश्न सोपा समजून विद्यार्थी तो शेवटच्या रात्रीवर ढकलतात आणि नेमके तिथेच गुण घालवतात. नाक, ग्रसनी, स्वरयंत्र, श्वासनलिका, श्वसनी, श्वसनिका, वायुकोश ही यादी एका दमात म्हणून दाखवणारे पुष्कळ भेटतात. पण अन्ननलिका श्वासनलिकेच्या पुढे की मागे, असे विचारले की तेच विद्यार्थी वर छताकडे पाहू लागतात.

प्रात्यक्षिकात अवयवाचा नमुना हातात घेतल्यावर त्याची पुढची बाजू न ठरवताच बोलायला लागणे, ही माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक आहे. एका व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, एका हुशार मुलाला आम्ही दोन्ही श्वसनींसकट, म्हणजे खालच्या दोन फाट्यांसकट, श्वासनलिका दिली. त्याने तिची सपाट, खरे तर मागची, बाजू स्वतःच्या छातीपासून दूर, म्हणजे पुढे, धरली आणि नावे सांगायला सुरुवात केली. प्रौढ माणसाचा तुटलेला दात श्वासमार्गात गेला तर बहुधा कोणत्या बाजूला जाईल, या प्रश्नावर त्याने ताबडतोब ‘उजव्या’ असे उत्तर दिले आणि बोट मात्र लांब, अरुंद व तिरक्या फाट्यावर ठेवले. ‘मग रुंद आणि जवळजवळ सरळ उतरणारा फाटा सोडून दात इकडे कसा वळेल?’ असे परीक्षकांनी विचारताच त्याने क्षणभर नमुन्याकडे पाहिले आणि उत्तर बदलून ‘डाव्या’ असे केले. पाठ केलेले उत्तर बरोबर होते. उलटा धरलेला नमुना त्याला दिसलाच नाही.

हे टाळण्यासाठी मी विद्यार्थ्यांना आधी अंगठा फिरवायला लावतो. श्वासनलिकेच्या भिंतीतील 16 ते 20 कूर्चा (हाडापेक्षा मऊ, लवचिक कडी) इंग्रजी ‘सी’ अक्षराच्या आकाराच्या असतात आणि त्यांची उघडी बाजू मागे असते. तिथे फक्त स्नायू व मऊ पडदा असल्याने अंगठा आत दबतो, आणि त्याच्या लगेच मागे अन्ननलिका असते. मऊ बाजू मागे केली की उजवे-डावे आपोआप ठरते. उजवी मुख्य श्वसनी सुमारे 2.5 सेंटिमीटर लांब, रुंद व अधिक उभी असते, तर डावीला महाधमनीच्या कमानीखालून जावे लागत असल्याने ती सुमारे 5 सेंटिमीटर लांब व अधिक तिरकी असते. आकृती पाहून पाठांतर करणाऱ्यांना हे दोन मिनिटांचे काम कंटाळवाणे वाटते. त्यांना मोबाइलवरचे ‘एका रात्रीत श्वसनसंस्था’ छापाचे व्हिडिओ मात्र तासभर पाहवतात.

दुसरी चूक गणिताची आहे. प्रत्येक श्वासाबरोबर घेतलेली सगळी हवा वायुकोशांपर्यंत, म्हणजे वायूंची देवाणघेवाण होते त्या फुप्फुसांतल्या बारीक पिशव्यांपर्यंत, पोहोचते, असे गृहीत धरले जाते. विश्रांतीच्या वेळी प्रौढ माणूस एका श्वासात सुमारे 500 मिलिलिटर हवा घेतो, पण त्यातली सुमारे 150 मिलिलिटर नाकापासून बारीक श्वसनिकांपर्यंतच्या मार्गातच राहते, आणि तिथे वायूंची देवाणघेवाण होत नाही. मिनिटाला 12 श्वास धरले, तर एकूण 6 लिटरपैकी 4.2 लिटर हवा वायुकोशांत पोहोचते. तोच माणूस 250 मिलिलिटरचे उथळ श्वास मिनिटाला 24 वेळा घेऊ लागला, तरी एकूण बेरीज 6 लिटरच येते, पण वायुकोशांच्या वाट्याला फक्त 2.4 लिटर येतात. म्हणूनच धापा टाकणाऱ्या रुग्णाला ‘हवा भरपूर मिळते आहे’ असे लिहिणाऱ्या उत्तरावर मी लाल रेघ मारतो. सूत्र पाठ करण्याआधी हा हिशोब एकदा कागदावर करावा, एवढीच माझी अट असते.

बाकीच्या चुका थोडक्यात सांगतो. श्वास घेताना श्वासपटल, म्हणजे छाती व पोट यांमधला स्नायूचा पडदा, वर जात नाही. ते आकुंचन पावून खाली उतरते, छातीची पोकळी वाढते, आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित कमी होतो आणि त्यामुळे हवा आत येते. फुप्फुसांना स्वतः हवा ओढून घेणारे स्नायू नसतात. श्वसनिकांच्या भिंतीत कूर्चा काढू नये. पूर्ण गोलाकार कडे फक्त स्वरयंत्राच्या तळाशी असलेल्या मुद्रिका कूर्चेचे असते, आणि कंठमण्याखालची खाच ओलांडून बोट जरा खाली नेले की ते स्वतःच्या गळ्यावरही लागते. आकृतीत उजवे फुप्फुस पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला येते आणि तीन खंड त्यालाच असतात. उच्छ्वासात केवळ कार्बन डायऑक्साइड असतो, असे तर अजिबात लिहू नये. आत जाणाऱ्या हवेत सुमारे 21 टक्के ऑक्सिजन असतो आणि बाहेर पडणाऱ्या हवेतही तो सुमारे 16 टक्के उरतो, त्यामुळेच तोंडाने दिलेला कृत्रिम श्वास रुग्णाच्या कामी येतो.