आदल्या संध्याकाळचं डाउनलोड

मागच्या महिन्यात आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत चहाच्या वेळी एक नवी शिक्षण सेविका माझ्याजवळ आली. रुजू होऊन तिला जेमतेम तीन महिने झाले होते. मोबाइल पुढे करून म्हणाली, "मॅडम, वर्गात वापरायच्या मोफत साहित्याच्या एवढ्या लिंका जमवल्यात. यातलं चांगलं काय?" मी खाली सरकवत गेले, सरकवत गेले, यादी संपेना. शेवटी विचारलं, "यातलं वर्गात किती वापरलंस?" ती नुसती हसली. तेवढ्यात पुढचं सत्र सुरू झालं आणि उत्तर राहून गेलं. ते आता सावकाश लिहिते आहे, तिच्यासाठी आणि तिच्यासारख्या सगळ्यांसाठी.

माझी पहिली सात वर्षं पाटण तालुक्यात, कोयनेच्या अंगाला एका दोनशिक्षकी शाळेत गेली. पहिली ते चौथी, पट बावीस. मोबाइलला रेंज हवी तर शाळेमागच्या टेकाडावर चढायचं. मुंबईला माथाडीत असलेल्या गावकऱ्यांनी वर्गणी काढून शाळेला प्रोजेक्टर दिला, तेव्हा आम्ही दोघं शिक्षक हरखून गेलो होतो. दुसऱ्याच दिवशी मी मोबाइलचा हॉटस्पॉट लावून पाण्याच्या चक्राचा व्हिडिओ सुरू केला. पडद्यावर पांढरं वर्तुळ फिरायला लागलं. फिरतच राहिलं. बावीस मुलं ते बघत होती, आणि तिसरीतला एक जण त्याचे फेरे मोजू लागला. छप्पन्नपर्यंत गेला. मग मी प्रोजेक्टर बंद केला आणि फळ्यावर ढग काढला.

त्या दिवसापासून एक गोष्ट पक्की केली: वर्गात इंटरनेटवरून थेट काहीही लावायचं नाही. जे लागेल ते आदल्या संध्याकाळी तालुक्याच्या गावी उतरवून घ्यायचं, पूर्ण बघायचं, पेन ड्राइव्हवर टाकायचं. तुमच्या शाळेला भरभक्कम वायफाय असलं तरी हेच करा. मध्येच भलतीच जाहिरात लागली की चौथीची मुलं आठवडाभर तीच म्हणत फिरतात, हे मी भोगलेलं आहे. मोफत साहित्याला पैसे पडत नाहीत, संध्याकाळ पडते. म्हणून जमवताना मी एवढंच बघते की पडदा बंद झाल्यावर मुलांच्या हातात काही उरतं का. उरत नसेल तर ती संध्याकाळ पाठ टाचणाला द्यावी.

सुरुवात लांबून करू नका. बालभारतीची पाठ्यपुस्तकं पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात, आणि नव्या शिक्षकाला याहून उपयोगी काही नाही. सगळ्या इयत्तांची उतरवून ठेवा, फक्त आपल्या वर्गाची नको. चौथीच्या मुलाला वजाबाकीत हातचा कळत नसेल तर दुसरीचं पान उघडायला लागतं, आणि बहुवर्ग अध्यापनात तर रोजच लागतं. पुस्तकातलं एकच चित्र प्रोजेक्टरवर भिंतभर मोठं करून त्यावर अर्धा तास बोलता येतं. बाजाराच्या चित्रावर आमच्या मुलांनी इतके प्रश्न काढले की स्वाध्याय मागे पडला.

पुस्तकातले क्यूआर कोड दीक्षा या सरकारी शिक्षण ॲपमध्ये उघडतात. दीक्षा 2017 च्या शिक्षकदिनी सुरू झालं. त्याचा खरा फायदा शोधाशोध वाचण्यात आहे: पाठाला जोडलेलं साहित्य पाठापाशीच सापडतं, आणि ॲपमध्ये उतरवून ठेवलं की नेट नसतानाही चालतं. सगळं सारखं चांगलं नाही. काही व्हिडिओ म्हणजे कोणीतरी पाठच वाचून दाखवलेला असतो, तो तुम्ही स्वतः वाचलात तर मुलं जास्त ऐकतील. शिक्षकांची प्रशिक्षणंही तिथेच असतात. प्रमाणपत्रासाठी नुसतं पुढे-पुढे दाबत जाण्याचा मोह सगळ्यांना होतो, मलाही झाला. पायाभूत वाचनावरचा भाग मात्र पुन्हा उघडून नीट केला आणि तो कामाला आला.

सगळ्यात जास्त संध्याकाळी मी ज्यावर घालवल्या ते म्हणजे प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर. 2015 पासून चालू असलेला हा गोष्टींचा साठा आहे. गोष्टींना वाचनपातळ्या दिलेल्या असतात आणि मराठीत भरपूर आहेत. पण माझ्या लेखी मोठी गोष्ट परवान्याची. तिथल्या गोष्टी क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली आहेत. म्हणजे लेखक, चित्रकार, प्रकाशक यांची नावं देऊन तुम्ही त्या छापू शकता, वाटू शकता, बदलूसुद्धा शकता. हे कळेपर्यंत मी चोरी केल्यासारखी गुपचूप झेरॉक्स काढत होते.

पहिलीतली एक मुलगी पुस्तक उघडतच नव्हती. घरी ती बोलायची त्यात ‘कोंबडी’ नव्हती, ‘कोंबडं’ होतं, ‘इकडे ये’ नव्हतं, ‘हिकडं ये’ होतं. एक छोटी गोष्ट घेऊन मी तिची वाक्यं आमच्या गावच्या बोलीत फिरवली. वर्गालाच विचारलं, ‘हे तुमची आजी कसं म्हणंल?’ आणि मुलांनी सांगितलं तसं लिहीत गेले. छपाई काळी-पांढरी, कारण रंगीत परवडत नाही. चित्रं मुलांनीच रंगवली. त्या मुलीनं आठ पानांची ती गोष्ट घरी नेली आणि आजीला वाचून दाखवली. वाचून म्हणजे निम्मी पाठच होती, पण पुस्तक हातात सरळ धरलेलं होतं. त्यानंतर महिनाभरानं तीच गोष्ट प्रमाणभाषेत दिली. एकेका शब्दावर बोट ठेवत ती मला विचारत राहिली, "बाई, हे आपलं हिकडंच ना?"

थोडं मोठ्या मुलांसाठी ‘किशोर’ आहे. बालभारतीचं हे मासिक 1971 पासून निघतं आणि जुने अंक मोफत वाचता येतात. परिपाठात रोज दहा मिनिटं त्यातलं काहीतरी मोठ्यानं वाचा. पडद्यावर दाखवू नका, वाचा.

मध्येच एक तांत्रिक गोष्ट, कारण नव्यांचा तास-दोन तास इथे हमखास जातो. जुन्या शिक्षकांनी प्रेमानं दिलेल्या स्वाध्यायपत्रिका उघडल्या की पडद्यावर अगम्य चिन्हं दिसतात. फाइल बिघडलेली नसते, ती युनिकोडच्या, म्हणजे कुठल्याही संगणकावर तीच अक्षरं दिसणाऱ्या पद्धतीच्या, आधीच्या एखाद्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असते. तो फॉन्ट संगणकावर टाकला तरच अक्षरं दिसतात. तुम्ही स्वतः जे कराल ते युनिकोडमध्ये करा आणि पुढे पाठवताना पीडीएफ करून पाठवा.

आता विज्ञान. इथे अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळाला पर्याय नाही. आयआयटी कानपूरमधून शिकलेला हा माणूस आयुष्यभर टाकाऊतून खेळणी करत आला. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी बरीच वर्षं काम केलं, 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हच्या नळीचे तुकडे यांपासून भौमितिक आकृत्या, कागदाच्या टोप्या, स्ट्रॉच्या पिपाण्या, सगळं कसं करायचं ते तिथे दाखवलेलं आहे. बरेच व्हिडिओ मराठीतही आहेत. शिवाय पुस्तकांचा ढीग.

त्यातली साधी मोटार मी सातवीपर्यंतच्या शाळेत बदली झाल्यावर करायला घेतली. एक सेल, दोन सेफ्टी पिना, एक चुंबक आणि इनॅमल चढवलेली तांब्याची तार. तार सेलभोवती गुंडाळून वेटोळं करायचं, दोन टोकं दोन बाजूंना काढायची, पिनांच्या भोकांत अडकवायची. व्हिडिओत सगळं दीड-दोन मिनिटांत होतं. मी एकदा बघितलं आणि थेट वर्गात गेले. वेटोळं थरथरलं, अर्धं वळलं, परत आलं, थांबलं. पुन्हा. पुन्हा. सहावीची मुलं सुरुवातीला श्वास रोखून होती, नंतर चुळबुळ सुरू झाली.

घरी जाऊन व्हिडिओ पुन्हा बघितला. दोन्ही टोकांवरचं इनॅमल मी ब्लेडनं सगळीकडून खरवडून टाकलं होतं. एकच टोक पूर्ण खरवडायचं असतं, दुसऱ्याची एक बाजू तशीच ठेवायची. म्हणजे अर्ध्या फेरीत वीज मिळते, उरलेल्या अर्ध्या फेरीत तुटते आणि वेटोळं आपल्याच वेगानं पुढे जातं. सगळं खरवडलं तर पुढच्या अर्ध्या फेरीत तीच ओढ उलटी बसते. दुसऱ्या दिवशी मी मोटार चालवून दाखवली नाही. बंद पडलेली मोटार मुलांना दिली आणि हेच कारण त्यांना शोधायला लावलं. दोन तास गेले. एका गटाला सापडलं, तेही निम्मं. माझी ती चूक झाली नसती तर हा तास झालाच नसता, पण दर वेळी चुकांवर भरवसा ठेवू नका. आदल्या संध्याकाळी घरी करून बघा.

मोटारीच्या जोडीला फेटची (PhET) अनुरूपणं, म्हणजे पडद्यावर हाताळून बघायचे प्रयोग, ठेवा. कार्ल वायमन या नोबेल मिळवलेल्या भौतिकशास्त्रज्ञानं 2002 मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात हे काम सुरू केलं. बरीच अनुरूपणं मराठीत आहेत, आणि एकेक उतरवून ठेवलं की ब्राउझरमध्ये नेटशिवाय चालतं. विद्युत परिपथाच्या अनुरूपणात तारा चुकीच्या जोडल्या की बॅटरीला आग लागते. मुलं अर्थातच मुद्दाम लावतात. लावू द्या. मग खरा सेल, खरी तार द्या आणि दोन टोकं क्षणभर जोडून तार किती तापते ते तुमच्या देखरेखीखाली बोटाला कळू द्या. अपूर्णांकांसाठीही तिथे चांगलं आहे, पण मी आधी भाकरी मोडते. भूमितीला जिओजेब्रा घ्या, तेही मोफत. त्यावर जास्त लिहीत नाही, कारण मला स्वतःला ते हायस्कूलच्या शिक्षकांइतकं येत नाही.

आकाशासाठी स्टेलॅरियम हे तारांगण दाखवणारं सॉफ्टवेअर. संगणकावर एकदा टाकलं की नेट लागत नाही, आणि सकाळी अकरा वाजता वर्गात रात्र करता येते. मी आमच्या गावाचे अक्षांश-रेखांश भरले, साधारण 17.4 उत्तर, 73.9 पूर्व, आणि उत्तरेला वळून ध्रुवतारा दाखवला. मागून आवाज आला, "बाई, तिथं तर डोंगुर हाय."

बरोबर होतं. आमच्या गावाच्या उत्तरेला डोंगराची भिंत आहे. ध्रुवतारा क्षितिजापासून आपल्या अक्षांशाइतकाच वर दिसतो, म्हणजे आमच्याकडे जेमतेम सतरा अंश. हात लांब करून धरलेली मूठ साधारण दहा अंशांची, तेव्हा दोन मुठींनाही थोडं कमी. डोंगर त्याहून उंच. म्हणजे या मुलांनी गावातून ध्रुवतारा कधी पाहिलेलाच नव्हता, आणि पाठात तो सगळ्यांना दिसतो असं गृहीत धरलेलं. डिसेंबरात पालकांना बरोबर घेऊन आम्ही संध्याकाळी पवनचक्क्यांच्या पठारावर गेलो. मुलांनी मुठी धरून मोजलं. मुलाचा हात आखूड असतो तशी मूठही लहान असते, त्यामुळे माझं आणि त्यांचं माप जवळजवळ सारखंच आलं. यावरही नंतर बराच वाद झाला.

राहिला प्रश्न खरं-खोटं ओळखण्याचा. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या सामान्यज्ञानाच्या पत्रिका सगळ्यात जास्त मोफत असतात आणि सगळ्यात जास्त महाग पडतात. हॉकी हा भारताचा राष्ट्रीय खेळ, असं मी तीन वर्षं शिकवलं. असा कोणताही खेळ अधिकृतपणे जाहीर केलेला नाही, हे क्रीडा मंत्रालयानं 2012 मध्ये माहितीच्या अधिकारातल्या एका अर्जाला उत्तर देताना सांगितलं होतं. मला ते एका पालकानं दाखवलं, तेही सगळ्यांसमोर. तेव्हापासून पत्रिका छापण्याआधी मराठी विश्वकोश उघडते. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली वाईत उभं राहिलेलं हे काम आता कोणालाही मोफत वाचता येतं. भाषा जड आहे, मुलांसमोर तसंच ठेवू नका. ते आपल्यासाठी आहे. जुन्या नोंदींतले आकडे जुने असतात, एवढं लक्षात असू द्या.

आणि जिथे मोफत म्हणवणारी जागा मुलांची नावं, पालकांचे मोबाइल नंबर भरायला सांगते तिथे भरू नका. अशा एका ठिकाणी मी चौथीचा अख्खा वर्ग नोंदवला होता. पुढे कितीतरी महिने रोजगार हमीवर जाणाऱ्या आयांना शिकवणीचं पॅकेज घ्या म्हणून फोन येत राहिले.

त्या शिक्षण सेविकेला मी परिषदेहून निघताना एवढंच सांगितलं होतं की यादी राहू दे, या महिन्यात एकच काहीतरी कर. तिनं मोटार निवडली. परवा रात्री तिचा निरोप आला, सोबत अंधुकसा व्हिडिओ: "मॅडम, सगळं व्हिडिओत दाखवलंय तस्संच केलंय, पण नुसती थरथरतेय."

मी विचारलं, "दोन्ही टोकं छान स्वच्छ खरवडलीस ना?"

"हो मॅडम, अगदी लख्ख."