ठसे जुळेनात, दोष भलतीकडेच

टायटेनियम-६ अ‍ॅल्युमिनियम-४ व्हॅनेडियम या मिश्रधातूवर नॅनोइंडेंटेशन करत होतो, म्हणजे हिऱ्याच्या टोकाने अतिसूक्ष्म ठसे उमटवून कठिणता मोजत होतो. एकाच कणात (धातूतल्या एका स्फटिकात) शेजारी-शेजारी घेतलेल्या ठशांची कठिणता जुळेना. दोन आठवडे मशीनलाच शिव्या घातल्या. फ्यूज्ड सिलिका या प्रमाण काचेवर तपासलं, तर स्थितिस्थापकता गुणांक (ताठपणा) ७२ गिगापास्कल, अगदी चोख! म्हणजे घोळ नमुन्यातच. डायमंड पेस्टच्या पॉलिशने पृष्ठभागाखाली दबलेला, विकृत थर राहिला होता. ईबीएसडीचा (इलेक्ट्रॉन झोताने कणांच्या दिशा दाखवणारा) नकाशा धूसर आला होता, तेव्हाच कळायला हवं होतं. मी आळस केला. कोलॉइडल सिलिकात (सिलिकाच्या अतिसूक्ष्म कणांच्या द्रवात) थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड घालून, अगदी हलक्या दाबाने, तासभर पॉलिश केलं. नकाशा लख्ख, एका कणातले आकडेही जुळले. कणाकणांतला फरक मात्र उरला. तो खराच, कारण प्रत्येक कणाची दिशा वेगळी: या मिश्रधातूतल्या मुख्य, अल्फा टायटेनियमचा स्थितिस्थापकता गुणांक स्फटिकाच्या सी-अक्षाच्या (उभ्या अक्षाच्या) दिशेने सुमारे १४५ गिगापास्कल, आडव्या दिशेने सुमारे १००.