पावडरचा संपर्क कोन मोजताना या चुका टाळा

संपर्क कोन म्हणजे द्रवाची कड घन पृष्ठभागाशी करते तो कोन; तो जितका लहान, तितकं भिजणं चांगलं. पावडरसाठी तो काढायची वॉशबर्न पद्धत वाचायला फार सोपी आहे. नळीत पावडर भरायची, तळ द्रवाला टेकवायचा, चढलेल्या द्रवाच्या वजनाचा वर्ग वेळेसमोर मांडायचा आणि रेषेच्या चढावरून कोन काढायचा. म्हणूनच नवखे लोक सगळा जीव यंत्रात घालतात आणि नळी कशीबशी भरून मोकळे होतात. घोटाळा तिथेच होतो.

सूत्रात एक स्थिरांक असतो. तो आधी हेक्झेन या हलक्या हायड्रोकार्बन द्रवाने काढतात. हेक्झेनचा पृष्ठताण 20 अंश सेल्सिअसला जेमतेम 18 मिलिन्यूटन प्रति मीटर, त्यामुळे तो जवळपास सगळ्या पावडरी पूर्ण भिजवतो आणि कोन शून्य धरता येतो. मग तोच स्थिरांक पाण्यासाठी वापरायचा. पण हा स्थिरांक नुसत्या पावडरचा नसतो, त्या भरणीचा, म्हणजे ती नळीत किती घट्ट भरली आहे त्याचा असतो. भरणी बदलली की तो बदलला.

एकदा माझ्याकडे तपासायला आलेल्या निकालांत कोनाचा कोसाइन 1 च्या वर गेला होता. हे शक्यच नाही. तरी ‘पूर्ण भिजते’ असं म्हणून शून्य अंश लिहिला होता! खोदून विचारलं तेव्हा कळलं, हेक्झेनच्या नळ्या एकाने ठोकून घट्ट भरल्या होत्या, पाण्याच्या दुसऱ्याने हलक्या हाताने. सैल थरात द्रव भराभर चढतो आणि जास्त मावतो. सूत्र त्याचं श्रेय पावडरच्या भिजण्याला देतं. सगळ्या नळ्या एकाच हाताने भरल्यावर कोन चांगलाच वाढला. कोसाइन 1 च्या वर गेला म्हणून चूक सापडली. 0.8 आला असता तर 37 अंश म्हणून अहवालात गेला असता आणि कुणी विचारलंही नसतं.

माझा शिरस्ता असा: प्रत्येक नळीत तेवढंच वजन, तेवढ्याच उंचीवरून तेवढेच ठोके, आणि शेवटी पट्टीने थराची उंची. मिलिमीटरभर फरक दिसला तरी नळी रिकामी करायची. ठोके देणारं यंत्र असलं तरी उंची मोजायचीच. हेक्झेनच्या तीन नळ्या जुळल्याशिवाय मी पाण्याला हात लावत नाही.

दुसरी खोड आलेखाची. सुरुवातीला द्रव टेकताच वजन उडी मारतं, शेवटी थर भरला की रेषा आडवी होते. सॉफ्टवेअरवर सोडलं तर ते हे सगळं एकाच रेषेत बसवू शकतं. सरळ भाग स्वतः निवडा, आणि कोन किती येतो ते पाहण्याआधी निवडा. हवा तो आकडा येईपर्यंत निवडलेला भाग मागेपुढे सरकवत बसणं मला अजिबात मान्य नाही.

बाकीचं थोडक्यात. तापमान नोंदवा, खोलीच्या तापमानाजवळ पाण्याची श्यानता (वाहण्याला होणारा विरोध) अंशामागे सुमारे 2 टक्के घटते. पावडर दर वेळी सारखीच वाळवा. नळीला साबणाचा अंशही राहू देऊ नका. पावडर विरघळत असेल तर तिचंच संपृक्त द्रावण वापरा, पण मग त्याचा पृष्ठताण, घनता आणि श्यानताही मोजा. फ्लोरिनयुक्त पावडरीला हेक्झेनचा कोन डोळे झाकून शून्य धरू नका.

पाणी चढतच नसेल तर या पद्धतीने आकडा लिहू नका. 90 अंशांच्या पुढचा कोन ती देऊच शकत नाही. आणि घाईपोटी पावडरची गोळी दाबून तिच्यावर थेंब टाकणार असाल, तर निकालात ‘दाबलेली गोळी’ असं स्पष्ट लिहा. दाबाने पृष्ठभाग बदलतो, थेंब आत मुरतो, आणि तो कोन सुट्या पावडरचा राहत नाही.