मुलांशी जुगार आणि नशेबद्दल बोलताना या चुका टाळा

"एकदा समोर बसवून सगळं सांगितलंय त्याला," असं म्हणणारे पालक नेहमी भेटतात. पहिली चूक तीच. तासाभराचं प्रवचन मूल मान खाली घालून ऐकतं आणि सोडून देतं. मॅच बघताना बेटिंग ॲपची जाहिरात लागली की दोन मिनिटं बोला. महिन्याभराने पुन्हा दोन मिनिटं.

नुसतं घाबरवणं

"एकदा घेतलंस की संपलास." मग एखादा मित्र घेऊनही धडधाकट दिसतो आणि तुमचं बाकीचं खरं बोलणंही खोटं ठरतं. अमेरिकेत १९८३ साली सुरू झालेल्या 'डेअर' कार्यक्रमात पोलीस वर्गात येऊन धोके समजावत. नंतरच्या अभ्यासांत मुलांच्या नशेवर त्याचा फारसा परिणाम दिसला नाही. तेव्हा खरं ते सांगा: सुरुवातीला बरं वाटतं, म्हणूनच लोक घेतात. पुढे तेवढंच बरं वाटायला जास्त लागतं, आणि मग निव्वळ रोजच्यासारखं वाटायलाही लागतं.

जुगाराला व्यसन न मानणं

वास नाही, डोळे लाल नाहीत, म्हणून घरच्यांना पत्ता लागत नाही. मानसोपचारातल्या डीएसएम-५ या निदानपुस्तिकेने २०१३ मध्ये जुगाराला दारू-ड्रग्जच्याच प्रकरणात नेऊन बसवलं.

इथे उपदेशापेक्षा फासा कामाला येतो. मुलाला बँक करा. तुम्ही एक बटण लावून आकडा सांगायचा. लावलेलं बटण दर डावाला त्याचंच. आकडा बरोबर आला तर त्याने पाच बटणं द्यायची, नाहीतर काही नाही. साठ डाव खेळा. साधारण दहा वेळा तुम्ही जिंकाल, म्हणजे साठ बटणं देऊन पन्नासच्या आसपास परत मिळतील. एखाद्या दिवशी तुम्हीच पुढे असाल. तेही बरंच, कारण त्याच आशेवर माणूस पुन्हा बसतो. "आत्ता सहा येणारच" असं तुमच्या तोंडून निघालं की मूल हसेल. हसू द्या, आणि मग विचारा: फाशाला मागचं आठवतं का?

गेममधल्या पैसे देऊन उघडायच्या बंद पेट्याही याच घराण्यातल्या. बेल्जियमने २०१८ मध्ये त्यांना जुगार ठरवलं.

"नाही म्हण" एवढंच सांगणं

कसं म्हणायचं, ते घरी बोलून बघा. दोष आमच्यावर ढकल, अशी मुभा द्या: "घरी कळलं तर फोन जाईल." एक सांकेतिक मेसेज ठरवा, तो आला की न्यायला जायचं, प्रश्न दुसऱ्या दिवशी.

आणि सापडलंच तर?

नशेत असताना जाब विचारू नका, काही कळत नाही त्याला. उठवूनही जाग येत नसेल किंवा श्वास मंद असेल तर कुशीवर वळवा, ताबडतोब ॲम्ब्युलन्स बोलवा आणि काय घेतलंय ते डॉक्टरांपासून लपवू नका.

जुगारात मात्र लोक उलटं करतात: कर्ज गुपचूप फेडून विषय मिटवतात. पोराला मग हरण्याची किंमत कळतच नाही. आधी सगळा हिशेब कागदावर त्याच्याच हाताने लिहून घ्या, ॲप आणि पेमेंटची सोय बंद करा, समुपदेशकाची वेळ घ्या. फेडण्याचं नंतर.