हप्ते चालू असताना सदोष गाडी जळून गेल्यास कर्ज कसे मिटवावे

उत्पादनातील दोषामुळे गाडी पेटून तिचा केवळ सांगाडा उरला, तरी कर्ज मात्र तसेच उभे राहते. बँकेशी झालेला करार पैशांचा असतो. गाडी हे त्यातले तारण असते, आणि तारण नष्ट झाल्याने देणे संपत नाही. भारतात अशा प्रसंगी कर्ज, विम्याचा दावा आणि उत्पादकाविरुद्धची तक्रार हे तीन हिशेब एकाच वेळी पण स्वतंत्रपणे चालतात. खरे नुकसान होते ते हे हिशेब एकमेकांत मिसळल्यामुळे: कोणी उत्पादकावरच्या रागापोटी बँकेचे हप्ते थांबवतो, तर कोणी विम्याचे पैसे लवकर मिळावेत म्हणून दोषाचा एकमेव पुरावा, म्हणजे जळालेली गाडीच, हातची घालवतो.

म्हणून पहिले काम सांगाडा जपण्याचे. पोलिसांत नोंद करून पंचनाम्याची प्रत घ्यावी, अग्निशमन दल आले असेल तर त्यांचा अहवाल मागवावा आणि विमा कंपनीला त्याच दिवशी कळवावे. गाडी शोरूमच्या आवारात नेऊन ठेवण्याचा प्रस्ताव बहुधा विक्रेत्याकडूनच येतो. तो सोयीचा असला तरी ज्याच्याविरुद्ध तक्रार करायची त्याच्याच ताब्यात पुरावा देणे शहाणपणाचे नाही. गाडी तिथे न्यावीच लागली, तर आपल्या लेखी परवानगीशिवाय कोणताही भाग उघडू, बदलू किंवा हलवू नये असे पत्र देऊन त्याची पोच घ्यावी. सर्व बाजूंनी छायाचित्रे, चासी क्रमांक, आग जिथून लागल्यासारखी दिसते तो भाग आणि वायरिंगची अवस्था टिपून ठेवावी. आधीच्या सर्व्हिसिंगची जॉब कार्डे याहून मोलाची ठरू शकतात. जळका वास, वारंवार उडणारा फ्यूज किंवा इंधनाची गळती यांबद्दल आपण पूर्वी तक्रार केली होती, हे त्यांवर नोंदलेले असेल तर दोष आधीपासून होता असे दाखवता येते. आपल्या मॉडेलची परत बोलावणी झाली आहे का, हेही तपासावे. सदोष वाहने परत मागवण्याची तरतूद मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११०अ म्हणून आली.

विम्याचा दावा लिहिताना शब्द जपून वापरावेत. प्रचलित पॅकेज पॉलिसीत, म्हणजे स्वतःच्या गाडीचेही नुकसान भरून देणाऱ्या विम्यात, यांत्रिक किंवा विद्युत बिघाडाची भरपाई मिळत नाही, परंतु आग, स्फोट आणि गाडी आपोआप पेटणे यांपासून झालेले नुकसान संरक्षित असते. त्यामुळे अर्जात जे दिसले तेच लिहावे: धूर कुठून आला, गाडी चालू होती की उभी, किती वेळात पेट घेतला. कारणाचा निष्कर्ष स्वतः काढू नये. मात्र कोणतीही माहिती लपवूही नये, कारण बाहेरून बसवलेले दिवे किंवा म्युझिक सिस्टीम असेल तर सर्व्हेअर, म्हणजे नुकसान तपासायला येणारा तज्ज्ञ, ते शोधून काढतोच. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे पॉलिसीत ठरलेल्या गाडीच्या विमा किमतीच्या, ७५ टक्क्यांपेक्षा जास्त होत असेल तर गाडी टोटल लॉस, म्हणजे पूर्ण नष्ट, धरली जाते. पॉलिसीवर बँकेच्या तारणाची नोंद असल्याने विम्याची रक्कम थकबाकीपुरती आधी बँकेकडे जाते आणि काही उरले तरच ते मालकाला मिळते.

येथे खोट येते ती आयडीव्हीमुळे. गाडीचे वय एक वर्षाहून अधिक पण दोन वर्षांच्या आत असेल तर २० टक्के आणि दोन ते तीन वर्षांच्या दरम्यान असेल तर ३० टक्के घसारा धरून ही किंमत ठरते. कर्जाचे मुद्दल मात्र सुरुवातीच्या हप्त्यांत फारसे घटत नाही. समजा कर्जाची बाकी ७ लाख रुपये आणि आयडीव्ही ६ लाख २० हजार रुपये आहे, तर ८० हजार आणि अनिवार्य वजावट (दाव्यातून विमा कंपनी कापते ती ठरावीक रक्कम) एवढी रक्कम खिशातून भरावी लागेल. रिटर्न टू इनव्हॉइस, म्हणजे आयडीव्हीऐवजी खरेदीच्या बिलाची किंमत देणारे वाढीव संरक्षण, घेतले असेल तर ही दरी बरीच भरून निघते, म्हणून पॉलिसीचे शेवटचे पानसुद्धा वाचावे.

दावा मंजूर होईपर्यंत हप्ते चालू ठेवावेत. हे जिवावर येते, पण थकलेला प्रत्येक हप्ता दंडासह तुमच्याच खात्यावर चढतो आणि सिबिलमध्ये, म्हणजे आपल्या कर्जफेडीच्या नोंदीत, चढतो. दरम्यान बँकेकडून ठरावीक तारखेचे फोरक्लोजर स्टेटमेंट, म्हणजे त्या तारखेला कर्ज पूर्ण फेडायला लागणाऱ्या रकमेचा हिशेब, घ्यावे. व्यक्तीने स्वतःच्या वापरासाठी घेतलेल्या, बदलत्या व्याजदराच्या कर्जावर मुदतपूर्व फेडीचे शुल्क रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार लागत नाही. स्थिर दराच्या कर्जावर ते करारानुसार लागू शकते, तेव्हा गाडी नष्ट झाल्याचे कारण देऊन माफीची लेखी विनंती करावी. उरलेली रक्कम एकदम भरणे जमत नसेल तर तिचे हप्ते बांधून मागावेत. सूट घेऊन तडजोडीने खाते मिटवण्याचा पर्याय मी शेवटचा मानतो, कारण मग क्रेडिट अहवालात खाते ‘क्लोज्ड’ ऐवजी ‘सेटल्ड’ असे दिसते आणि पुढचे कर्ज अवघड होते.

विम्याच्या डिस्चार्ज व्हाउचरवर, म्हणजे दाव्याची रक्कम मान्य असल्याच्या कागदावर, सही करण्यापूर्वी ते शब्दशः वाचावे. भरपाई दिल्यानंतर, तिने दिलेल्या रकमेपुरता उत्पादकाकडून वसुली करण्याचा हक्क विमा कंपनीकडे जातो. पण विम्यातून न भरून निघालेल्या नुकसानीवरचा आपला हक्क राखून ठेवत आहोत, असे स्वतंत्र पत्राने कळवावे. तसेच तज्ज्ञाची तपासणी होईपर्यंत सांगाडा भंगारात विकू नये, हेही त्याच पत्रात मागावे.

उत्पादकाविरुद्धची तक्रार ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली, कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. येथे एक बारकावा आहे आणि तो सहज निसटतो. याच कायद्यात उत्पादन दायित्वासाठी, म्हणजे सदोष वस्तूमुळे होणाऱ्या हानीच्या जबाबदारीसाठी, ‘हानी’ची जी व्याख्या आहे, तिच्यात खुद्द त्या वस्तूला झालेली हानी येत नाही. आगीत कोणी भाजले किंवा शेजारची मालमत्ता जळली तर उत्पादन दायित्वाच्या तरतुदी उपयोगी पडतात. गाडीच्या किमतीसाठी मात्र ‘मालातील दोष’ या आधारावर कलम ३९ खाली बदली गाडी किंवा किंमत परत मागावी, आणि त्यासोबत विम्यातून न मिळालेली तूट व भरलेले व्याज भरपाई म्हणून मागावे. गाडीसाठी मोजलेली किंमत ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाते आणि ती आपण राहतो त्या जिल्ह्यातही दाखल करता येते. दोष प्रयोगशाळेच्या तपासणीशिवाय ठरत नसेल तर कलम ३८ नुसार आयोग तशी तपासणी करवून घेऊ शकतो; सांगाडा जपण्याचा आग्रह त्यासाठीच. गाडी व्यावसायिक वापरासाठी घेतली असेल, तर आपण ग्राहक ठरतो की नाही हे आधी वकिलाकडून समजून घ्यावे.

कर्ज फिटल्यावर बँकेकडून एनओसी (ना हरकत प्रमाणपत्र) आणि आरटीओतील तारणाची नोंद काढण्यासाठीचा फॉर्म ३५ घ्यावा. पूर्ण परतफेडीनंतर ३० दिवसांत कागदपत्रे देणे बँकेवर बंधनकारक आहे आणि तिच्या चुकीने उशीर झाल्यास दिवसाला ५ हजार रुपये भरपाई ठरलेली आहे. आरटीओला मात्र कर्ज फिटण्याची वाट न पाहता कळवावे, कारण गाडी नष्ट झाल्याची सूचना मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ नुसार १४ दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर द्यायची असते. नोंदणी रद्द झाली नाही तर तो क्रमांक तुमच्याच नावावर राहतो. काही आठवड्यांनी क्रेडिट अहवाल मागवून खाते बंद दिसते का ते पाहावे आणि दिसत नसेल तर एनओसीची प्रत जोडून बँक व क्रेडिट संस्था या दोघांकडेही दुरुस्तीची मागणी नोंदवावी.