चिवडा सादळला तो सीलमुळे

फूड पॅकेजिंगमध्ये नवी आलेली मुलं पाकिटाच्या प्लॅस्टिक फिल्मबद्दलच बोलतात. ओटीआर किती, म्हणजे फिल्ममधून ऑक्सिजन किती शिरतो, थर किती, रिसायकल होते का. मीही तेच बोलायचे.

२०२२ मध्ये ईपीआरचे (उत्पादकाच्या वाढीव जबाबदारीचे) नियम कडक झाले, वापरून फेकलेल्या पाकिटाची जबाबदारी कंपनीवर आली. जुनं पाकीट पीईटी आणि पीई या दोन प्लॅस्टिकचं. ती एकमेकांना चिकटवली की पुन्हा सुटी करणं परवडत नाही. म्हणून आमच्याकडे चिवड्याचं अख्खं पाकीट पीईचं करायचं ठरलं, आणि काम माझ्याकडे आलं. डेटाशीट उत्तम, ट्रायल पास. पावसाळ्यात कोकणातून पाकिटं परत आली. चिवडा सादळलेला.

महिनाभर मी फिल्मलाच दोष देत होते. मग एक पाकीट पाण्यात दाबून धरलं. वरच्या सीलवर, उभा जोड जिथे येतो आणि दोनाचे चार थर होतात, तिथून बुडबुड्यांची बारीक माळ निघाली.

हे नीट समजून घ्या. पीईटी २५० अंशांच्या आसपास वितळतं, पीई ११० ते १३० मध्ये. जुन्या लॅमिनेटमध्ये, म्हणजे चिकटवलेल्या थरांच्या फिल्ममध्ये, बाहेरचं पीईटी जॉची (पाकीट दाबून सील करणाऱ्या गरम पट्ट्यांची) उष्णता झेलायचं आणि आतलं पीई वितळून सील व्हायचं. तापमान थोडं इकडेतिकडे झालं तरी खपायचं. आता आतबाहेर पीईच. जॉ जास्त तापला की बाहेरची बाजू चिकटते, सुरकुतते. कमी तापला की सील कच्चं. त्यात ट्रायल आम्ही मिनिटाला ३० पाकिटांवर घेतली होती, लाइन चालते ६० वर. वेग दुप्पट झाला की सीलला मिळणारा वेळ निम्मा. शिवाय ट्रायलची पाकिटं रिकामी होती. खऱ्या लाइनवर तेल आणि तिखटाची पूड सीलच्या पट्टीत बसते.

ऑपरेटर काकांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "मॅडम, ह्याला गरम किती सोसेल?" मी डेटाशीट दाखवली. जॉला कधी हात न लावलेल्या वरिष्ठांपेक्षा असा माणूस गुरू करा, हे माझं ठाम मत आहे. आणि चार दिवसांचा कोर्स करून सल्लागार होऊ नका, कुणाचा तरी माल वाया जातो.

पण घाबरूही नका. कमी तापमानाला सील होणारा आतला थर घेतला, जॉचं तापमान दर पाच अंशांनी बदलून पाकिटं पाण्यात तपासली, तेव्हा दोन आठवड्यांत लाइन सुरळीत झाली. आता ट्रायल पूर्ण वेगावर, खऱ्या चिवड्यासकट, रोल संपेपर्यंत घेते.