हॉस्पिसमध्ये स्वयंसेवक व्हायचंय? या चुका टाळा

वांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६ साली सुरू झालं, ते देशातलं पहिलं हॉस्पिस, म्हणजे बरे न होणाऱ्या रुग्णांची शेवटच्या काळात काळजी घेणारं ठिकाण. त्यानंतर पुण्यात वारज्याला सिप्ला या औषध कंपनीचं असंच केंद्र उभं राहिलं. अशा ठिकाणी प्रशिक्षणाला येणारे बहुतेक जण ‘सेवा करायची’ म्हणून बाह्या सरसावूनच येतात, आणि नेमकं तिथंच बिघडतं.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या धीर देताना. आजोबा विचारतात, “मी बरा होईन ना हो?” आपण चटकन बोलून जातो, “होणार तर! दिवाळीला घरी असाल.” आजोबांना बहुतेक वेळा सगळं उमगलेलं असतं. त्यांना बोलायचं असतं ते धाकटीच्या लग्नाबद्दल, सातबाऱ्यावरच्या नावाबद्दल, नाहीतर रात्री वाटणाऱ्या भीतीबद्दल. आपल्या दिवाळीने तो विषय तिथंच मिटतो. “आज असं का मनात आलं?” एवढं विचारा आणि गप्प बसा. असं वाक्य आधीच तोंडून गेलं असेल तर पुढच्या वेळी सरळ म्हणा, “परवा तुम्ही विचारलंत आणि मी घाईने उत्तर दिलं. काय वाटत होतं तुम्हाला?”

याला जोडूनच नातेवाइकांची विनवणी येते, “ताई, बाबांना कॅन्सरचं सांगू नका हं.” हो म्हणून खोटं रेटत नेऊ नका आणि आपणहून गौप्यस्फोटही नको. ते काम डॉक्टरांचं. बाबांनी थेट विचारलंच तर “आजाराचं मी सांगू शकत नाही, पण तुम्हाला बोलायचंय हे सिस्टरना आत्ता कळवते,” असं म्हणा आणि खरोखरच कळवा.

दुसरा मोठा घोळ पाण्याचा. आपल्याकडे तहानलेल्याला पाणी नाकारणं म्हणजे पाप! पण शेवटच्या दिवसांत भूक मरते, गिळण्याची ताकद जाते. आडव्या पडलेल्या, गुंगीतल्या माणसाच्या तोंडात चमचाभर पाणी सोडलं तरी ते श्वासनलिकेत उतरू शकतं. ओल्या गॉजने ओठ आणि जीभ हलकेच टिपली की कोरड कमी होते. मुलगा गंगाजलाची बाटली घेऊन उभा असेल तर त्याच्याशी वाद घालू नका. सिस्टरना बोलवा, त्या डोक्याकडची बाजू उचलून ओठांना थेंब लावू देतील. त्याचंही समाधान होतं.

पाय चेपून देण्याचा मोह आवरा. एकच पाय अचानक सुजला, गरम लागला तर आत रक्ताची गाठ असू शकते. पाठीवर लाल चट्टा दिसला तर चोळू नका, बेडसोरची, म्हणजे पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची, सुरुवात असू शकते ती. सांगा आणि बाजूला व्हा.

औषधांवर मतं देऊ नका. “मॉर्फिन लावलं म्हणजे संपलंच” हे वाक्य स्वयंसेवकाच्या तोंडी ऐकलं की मला चीडच येते. वेदनेनुसार मात्रा ठरवून दिलेलं मॉर्फिन घेत माणसं कित्येक महिने बसतात, जेवतात, नातवंडांशी खेळतात. त्याने हमखास होतो तो बद्धकोष्ठ, म्हणून बरोबर पोट साफ होण्याचं औषध असतं. “आजींचं तीन दिवस पोट साफ नाही” ही बातमी सिस्टरना तुमच्या मतापेक्षा फार उपयोगी.

रुग्णासोबत सेल्फी? नाहीच.

घरातलं कुणी नुकतंच गेलं असेल तर लगेच खाटेशेजारचं काम मागू नका. काही संस्था अशा वेळी थांबायलाच सांगतात. तोवर इतर कामं असतातच. केरळात १९९३ मध्ये कोझिकोडपासून उभ्या राहिलेल्या अशाच रुग्णसेवेच्या चळवळीत शेजारपाजारची साधी माणसंच निधी जमवतात, रुग्णाच्या घरी जाऊन चौकशी करतात. आपल्याकडेही औषधांच्या नोंदी ठेवायला, नातेवाइकांना स्टेशनपासून आणायला, रात्रभर जागलेल्या सुनेला तासभर झोपता यावं म्हणून मुलं सांभाळायला माणूस लागतोच. प्रशिक्षणाच्या पहिल्याच दिवशी हे विचारून घ्या.